लग्न फ्रीमॉन्टला, नोंद सॅन होजेला

सांगली जिल्ह्यातल्या एका गावात वडील वारले. मागे आई, मुलगा आणि वीस वर्षांहून अधिक काळ कॅलिफोर्नियात असलेली मुलगी. सातबाऱ्यावर वारस लावण्यासाठी मुलाने अर्ज केला, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडले. तलाठ्याने कागद चाळून एकच शंका काढली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलीचे नाव एक, जुन्या भारतीय पासपोर्टवर दुसरे आणि आताच्या अमेरिकन पासपोर्टवर तिसरेच. ही सगळी एकच बाई, याला लग्नाचा दाखला लावा.

मागणी रास्त होती. भावाने रात्री फोन केला, "ताई, तुमचं लग्नाचं सर्टिफिकेट पाठवून द्या, भाऊसाहेब अडून बसलेत." ताईंना वाटले, यात काय, भिंतीवरच तर आहे. तिथून पुढे हे प्रकरण कित्येक महिने चालले. भिंतीवर होते ते सर्टिफिकेट नव्हते, पहिल्यांदा ज्या काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याकडे, ते मागितले तिथे ते नव्हते, आणि सापडले तेव्हा त्यात तलाठ्याला हवी असलेली ओळ नव्हती.

हे प्रकरण एका घरचे नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या दोन-तीन मराठी कुटुंबांच्या कागदांवरून ते जुळवले आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. भाऊ ज्या नात्याने हाक मारतो त्याच नात्याने मी त्यांना ताई आणि दाजी म्हणणार आहे.

नावे तीन, बाई एक

आधी नावांचा गुंता. माहेरी ताईंचे नाव आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. दहावीच्या बोर्डापासून पदवीपर्यंत तेच. लग्न २००४ साली झाले. त्यानंतर दोनेक वर्षांनी भारतीय पासपोर्ट नवा करताना त्यांनी मराठी पद्धतीनेच लिहिले: स्वतःचे नाव, दाजींचे नाव, सासरचे आडनाव. अमेरिकेतल्या कागदांवर मात्र सोशल सिक्युरिटी कार्डापासून, म्हणजे तिथल्या सरकारी क्रमांकाच्या कार्डापासून, सुरू झालेले सुटसुटीत नाव चालत आले: स्वतःचे नाव आणि सासरचे आडनाव, मधे काही नाही. पुढे नागरिकत्व घेतले तेव्हा तेच कायम झाले.

यातले एकही नाव खोटे नाही. घरातल्या कुणालाही विचारा, तिन्ही एकाच बाईची म्हणून सांगेल. पण सातबारा घरातल्या माणसाला विचारून लिहीत नाहीत.

भिंतीवरचा कागद

दिवाणखान्यात फ्रेममध्ये होते ते एक देखणे, सोनेरी किनारीचे पत्र. देवळात लग्न लागले त्या दिवशी गुरुजींच्या सहीने दिलेले. त्यावर ओम होता, दोघांची नावे होती, तारीख होती. सरकारी नोंदीचा क्रमांक नव्हता, काउंटीचे नावही नव्हते. अशी स्मृतिचिन्हे देवळे देतात, चर्चही देतात. त्यांना कायद्याच्या दृष्टीने काडीची किंमत नाही, आणि ती देणारे तसा दावाही करत नाहीत. लोक मात्र वर्षानुवर्षे तोच आपला दाखला समजून जपतात.

खरी सर्टिफाइड कॉपी, म्हणजे सरकारी दप्तरातली प्रमाणित प्रत, त्यांनी २००४ मध्येच एकदा घेतली होती. तिच्यावरच सोशल सिक्युरिटीतले नाव बदलले, तीच वाणिज्य दूतावासात दाखवली, तीच ग्रीन कार्डाच्या वकिलाकडे गेली. मग घर बदलले, पुन्हा बदलले, आणि ती कुठे गेली ते दोघांनाही आठवेना. तेव्हा घरोघर स्कॅनर नव्हते.

परवाना आधी, दाखला नंतर

इथे कॅलिफोर्नियातली पद्धत समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच निघतो.

आपल्याकडे आधी लग्न लागते, मग जोडपे नोंदणीला जाते. तिथे उलटे आहे. आधी दोघांनी मिळून काउंटीच्या क्लार्ककडे जायचे, फोटो असलेले ओळखपत्र दाखवायचे, अर्ज भरायचा, फी भरायची आणि मॅरेज लायसन्स घ्यायचे. नागरिक असण्याची अट नाही, त्या काउंटीत राहण्याचीही नाही. लायसन्स हातात पडले की त्याच दिवशी लग्न लावता येते आणि ते ९० दिवस चालते. लग्न लावणारा गुरुजी असो, न्यायाधीश असो वा एका दिवसापुरता नेमलेला मित्र असो, तो त्याच कागदावर सही करतो, निदान एक साक्षीदार सही करतो, आणि लग्न लावणाऱ्याने तो कागद १० दिवसांच्या आत परत पाठवायचा असतो. काउंटीत तो नोंदला गेला की तोच लग्नाचा दाखला. त्याची सर्टिफाइड कॉपी आपोआप घरी येत नाही. वेगळा अर्ज, वेगळी फी.

आता मुद्दा असा की कागद परत पाठवायचा तो लायसन्स देणाऱ्या काउंटीकडे. लग्न राज्यात कुठेही लागो. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि एकीचे लायसन्स दुसरीत चालते, म्हणून लग्नाचे ठिकाण आणि नोंदीचे ठिकाण यांची फारकत होऊ शकते. जन्म-मृत्यूच्या नोंदींमुळे आपल्या अंगवळणी पडलेले असते की घटना जिथे घडली तिथे नोंद. मूल मिरजेच्या दवाखान्यात झाले तर दाखला मिरजेचा, घर तासगावला असले तरी. त्याच सवयीने माणूस लग्नाचा दाखला लग्नाच्या गावी शोधायला जातो.

सगळ्या राज्यांत असेच असते असे नाही, आणि इकडे नात्यातल्या एकाचा अनुभव दुसऱ्याला डोळे मिटून सांगण्याची जी पद्धत आहे ती इथे अंगाशी येते. इलिनॉयमध्ये लायसन्स ते देणाऱ्या काउंटीतच चालते. शिकागोजवळ नेपरव्हिलला राहणाऱ्यांनी कुक काउंटीचे लायसन्स घेऊन ड्यूपेज काउंटीतल्या हॉलमध्ये लग्न लावायचे म्हटले तर पंचाईत. शिवाय तिथे लायसन्स दुसऱ्या दिवसापासून लागू होते. टेक्सासमध्ये काउंटी क्लार्कच लायसन्स देतो, पण साधारणपणे ७२ तास थांबावे लागते. न्यू जर्सीत तर काउंटीचा संबंधच नाही. तिथे लायसन्स नगरपालिकेच्या रजिस्ट्रारकडे, एडिसनकरांनी एडिसनच्या पालिकेत, आणि तिथेही ७२ तास थांबणे आहेच. न्यूयॉर्क राज्यात टाउन किंवा सिटी क्लार्क. म्हणून "आमच्या वेळी असं केलं" हे ऐकताना आधी राज्य विचारावे.

अलामीडाचे उत्तर

ताईंना पक्के आठवत होते की लग्न फ्रीमॉन्टच्या देवळात लागले. फ्रीमॉन्ट अलामीडा काउंटीत, तिचे कार्यालय ओकलंडला. त्यांनी टपालाने अर्ज केला. अशा अर्जासोबत शपथेवरचे निवेदन लागते आणि टपालाने पाठवताना ते नोटरीसमोर सही केलेले असावे लागते. कारण कॅलिफोर्नियात कॉप्या दोन प्रकारच्या असतात. नवरा, बायको, त्यांचे आईवडील, भावंडे, मुले अशा ठराविक लोकांना अधिकृत कॉपी मिळते. इतर कुणालाही मिळते ती केवळ माहितीसाठीची, आणि तिच्यावर ओळख सिद्ध करण्यासाठी ही वैध नाही असा ठसा असतो. नोटरी टाळायची म्हणून दुसऱ्या प्रकारची कॉपी मागवून ती भारतात पाठवणारे मी पाहिले आहेत. ठसा इंग्रजीत असला तरी मोठ्या अक्षरांत असतो, आणि तालुक्यालाही तो वाचता येतो.

काही आठवड्यांनी ओकलंडहून उत्तर आले: अशी नोंद आढळली नाही, असे रीतसर प्रमाणपत्र. फी परत नाही, कारण फी शोधण्याची असते, सापडण्याची नव्हे.

घरात एकदम घबराट झाली. दाजींच्या मनात पहिला विचार आला तो गुरुजींचा. गुरुजी आता हयात नव्हते. त्यांनी कागद पाठवलाच नसेल तर? मग आपले लग्न झालेच नाही का? दोन मुले, घर, वीस वर्षांचे एकत्र कर भरणे, आणि रात्री बारा वाजता दोघे सोफ्यावर बसून हा प्रश्न सोडवत होते.

कुठे शोधायचे ते ठरवताना

अशा वेळी फॉर्मवर फॉर्म पाठवण्याआधी बसून शक्यता खोडाव्यात. इथे चार होत्या.

गुरुजींचा कागद पोहोचलाच नाही, ही पहिली. ती सर्वात भीतीदायक आणि सर्वात लवकर खोडता येणारी होती. २००४ मध्ये यांनी एकदा सर्टिफाइड कॉपी घेतली होती, तिच्यावर सरकारी कामे झाली होती. कागद काउंटीत परत येऊन नोंदला गेल्याशिवाय कॉपी निघतच नाही. म्हणजे नोंद आहे, कुठे आहे एवढाच प्रश्न. (ज्यांच्या बाबतीत कागद खरोखरच हरवतो त्यांच्यासाठीही वाट आहे. पहिल्या वर्षाच्या आत लग्न लावणाऱ्याला दुबार लायसन्स घेऊन पुन्हा पाठवता येते. त्यानंतर सुपीरियर कोर्टात अर्ज करून लग्न झाल्याचा आदेश मिळवता येतो. खर्चाचे आणि वेळखाऊ, पण होते.)

दुसरी शक्यता गोपनीय लायसन्सची. कॅलिफोर्नियात हा एक वेगळाच प्रकार आहे, एकोणिसाव्या शतकापासूनचा. आधीपासून नवरा-बायकोसारखे एकत्र राहणाऱ्या जोडप्याला बोभाटा न होता लग्न करता यावे म्हणून काढलेला. त्याला साक्षीदार लागत नाही, त्याची नोंद उघड दप्तरात जात नाही, काउंटी क्लार्ककडे वेगळी राहते, आणि कॉपी फक्त त्या दोघांना मिळते. बाकी कुणाला कोर्टाच्या आदेशाशिवाय नाही. साक्षीदार गोळा करायला नको म्हणून अनेक जण हे लायसन्स घेतात आणि वर्षांनी कुठले घेतले तेच विसरतात. सॅन फ्रान्सिस्कोत तर दोन्हींची दारेच वेगळी आहेत: उघड लग्नाची कॉपी असेसर-रेकॉर्डरकडे, गोपनीय लग्नाची काउंटी क्लार्ककडे. चुकीच्या दारात गेले की नोंद नाही असेच उत्तर येणार. ताई-दाजींच्या बाबतीत मात्र लग्नाच्या अल्बमने निकाल दिला. एका फोटोत दाजींचा मित्र वाकून एका छापील फॉर्मवर सही करतो आहे. साक्षीदाराची सही म्हणजे उघड लायसन्स.

तिसरी, नाव. हे विचारल्यावर ताई चपापल्या. ओकलंडच्या अर्जात त्यांनी वधूचे नाव म्हणून आपले आजचे, सासरचे नाव लिहिले होते. नोंद लग्नाआधीच्या नावाने असते आणि शोधही त्याच नावाने होतो. पण नवऱ्याचे नाव बरोबर होते, तारीख बरोबर होती. एवढ्यावर बहुधा सापडले असते.

उरली चौथी: काउंटीच चुकली. दाजींना विचारले, लायसन्स कुठे काढले होते? "तिथेच, देवळाच्या जवळपास कुठेतरी." मग प्रश्न बदलला. त्या वर्षी राहायला कुठे होता? सनीव्हेलला, भाड्याने. नोकरी? उत्तर सॅन होजेला. आणि मग त्यांचे त्यांनाच आठवले की मधल्या सुट्टीत ऑफिसमधून निघून ताईंना घेऊन गेले होते, आणि गाडी लावायला जागा मिळेना म्हणून उशीर झाला होता. मधल्या सुट्टीत कुणी सॅन होजेहून ओकलंडला जाऊन येत नाही. सनीव्हेल आणि सॅन होजे दोन्ही सांता क्लारा काउंटीत. मिल्पिटास संपले की फ्रीमॉन्ट सुरू होते, रस्ता तोच असतो, दुकानेही तीच, मधे काउंटीची हद्द गेली हे कळतसुद्धा नाही.

राज्याच्या आरोग्य खात्याकडे, सॅक्रामेंटोला, अर्ज करावा असेही कुणी सुचवले. उघड लग्नांच्या नोंदी राज्याकडे जातात हे खरे. पण मधल्या काही वर्षांच्या नोंदी तिथून मिळत नाहीत, काउंटीकडे जा असे तेच सांगतात, आणि वेळही जास्त लागतो. काउंटीचा अंदाज असेल तर आधी काउंटीच बरी.

दाजी सांता क्लारा काउंटीच्या क्लार्क-रेकॉर्डरच्या कार्यालयात स्वतः गेले. अर्जात ताईंचे माहेरचे नाव, स्वतःचे नाव, २००४ मधली तारीख. नवऱ्याला बायकोशिवाय कॉपी मिळते, समोरासमोर अर्ज केला तर नोटरीही लागत नाही. नोंद होती. त्यांनी तीन कॉप्या घेतल्या, आणि हा सबंध प्रकरणातला सर्वात शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल.

काउंटीचा क्लार्क

थोडे विषयांतर. लायसन्स म्हणजे परवानगी, आणि परवानगी देणारा ती नाकारूही शकतो, हे कॅलिफोर्नियाच्या इतिहासात कोरलेले आहे. वेगवेगळ्या वंशांच्या माणसांच्या लग्नांना तिथे कायद्याने बंदी होती आणि ती राबवायची जागा म्हणजे काउंटी क्लार्कची खिडकी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इम्पीरियल व्हॅलीत शेती करायला गेलेल्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. ती होऊ शकली कारण काही क्लार्कांनी दोघांनाही एकाच रंगाच्या रकान्यात बसवले. त्या कुटुंबांचा पुढे अभ्यास झाला तो बराचसा काउंट्यांच्या दप्तरांतून. १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या क्लार्कने लायसन्स नाकारलेल्या एका जोडप्याच्या खटल्यात, पेरेझ विरुद्ध शार्प, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी मोडीत काढली. आज त्या खिडकीशी आपली मुले आयटीच्या पगाराच्या जोरावर ऐटीत उभी राहतात. खिडकी तीच आहे.

सापडले, पण

कॉपीचा फोटो भावाने तलाठ्याला दाखवला. तलाठी म्हणाला, "अहो, यात बाईंचं माहेरचंच नाव आहे. सासरचं नाव लागल्याचं कुठं आहे?"

होते ते बरोबरच होते. २००४ च्या फॉर्मवर लग्नानंतरच्या नावाचा रकानाच नव्हता. त्या काळी बाईने दाखला घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जायचे, नवऱ्याचे आडनाव सांगायचे, नाव बदलून मिळायचे. वापराने नाव पक्के व्हायचे. नवऱ्याला बायकोचे आडनाव घ्यायचे असेल तर मात्र कोर्टात जावे लागे, फी भरावी लागे, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागे. लॉस एंजेलिसच्या एका नवऱ्याने याविरुद्ध दावा लावला, त्यातून २००७ चा नाव-समानतेचा कायदा झाला आणि १ जानेवारी २००९ पासून लायसन्सवरच दोघांसाठी नव्या नावाचे रकाने आले.

म्हणजे त्या तारखेच्या आधी तिथे लग्न केलेल्या आपल्या बायकांच्या दाखल्यावर त्यांचे आजचे नाव नसणारच. दाखला अपुरा आहे असे नव्हे, तो जुन्या पद्धतीचा आहे. हे तालुक्याच्या ठिकाणी समजावून सांगायला कुणीतरी लागते.

२००९ नंतरच्यांची अडचण वेगळी आहे, आणि आज लग्न करणाऱ्या मराठी मुलींनी ती खिडकीशी जाण्याआधी जाणून घ्यावी. नव्या नावाचे रकाने आहेत, पण त्यात वाटेल ते लिहिता येत नाही. आडनावासाठी नवऱ्याचे आडनाव, दोघांपैकी कुणाचेही जन्माचे आडनाव, किंवा दोन्हींची जोडणी चालते. मधल्या नावासाठी दोघांपैकी कुणाचे आडनाव, किंवा आताचे मधले नाव आणि एखादे आडनाव यांची मधे रेघ देऊन केलेली जोडणी चालते. नवऱ्याचे पहिले नाव मधल्या रकान्यात चालत नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या जे नाव लग्नानंतर बाईच्या नावामागे आपोआप येऊन बसते, तेवढेच नेमके कॅलिफोर्नियाच्या यादीत नाही. माहेरच्या माने सासरी शिंदे झाल्या तर मधे माने ठेवता येते, मधे संजय ठेवता येत नाही.

मला विचाराल तर यात हळहळण्यासारखे काही नाही. वडिलांचे नाव मधे आहे तसे राहू द्यावे, आडनाव बदलायचे तर बदलावे, नाहीतर तेही राहू द्यावे. पुढे भारतीय पासपोर्ट नवा करताना मात्र मोह आवरावा आणि काउंटीच्या कागदावर आहे तसेच नाव लिहावे. ताईंच्या प्रकरणात एक नाव जास्तीचे झाले ते तिथेच. आणि रकाना भरताना घाई नको. लायसन्समधली टंकलेखनाची चूक नंतर दुरुस्त होते. मन बदलले म्हणून नाव बदलायचे तर कोर्टात अर्ज, किंवा नागरिकत्वाच्या वेळी मागणी करून न्यायाधीशासमोरच्या शपथविधीत.

साखळी जुळली ती अशी

दाखल्यात एक गोष्ट होती जी तलाठ्याने पाहिली नव्हती आणि ताईंनीही नाही. कॅलिफोर्नियाच्या लायसन्सवर दोघांच्या आईवडिलांची नावे आणि जन्मस्थाने लिहावी लागतात. ताईंच्या वडिलांचे नाव तिथे स्वच्छ होते. ज्यांच्या मृत्यूनंतर वारस लावायचे होते तेच नाव, वीस वर्षांपूर्वी त्यांच्याच लेकीने सॅन होजेत सांगून लिहवलेले. म्हणजे दाखला दोन गोष्टी सांगत होता: ही अमक्यांची मुलगी, आणि हिचे लग्न तमक्यांशी झाले.

पुढचा दुवा जुन्या भारतीय पासपोर्टात निघाला. नागरिकत्व सोडताना तो रद्द करून परत दिला जातो, आणि ताईंनी तो सुदैवाने टाकला नव्हता. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडील, आई आणि जोडीदार यांची नावे असतात, शिवाय आधीच्या पासपोर्टचा क्रमांक. पहिल्या पानावर सासरचे नाव, शेवटच्या पानावर तेच वडील आणि तेच दाजी. दाखला आणि हे पान शेजारी ठेवले की तीन नावांपैकी दोन एकमेकांना चिकटतात. तिसऱ्या, अमेरिकन नावासाठी ताईंनी प्रतिज्ञापत्र केले: या तिन्ही नावांची व्यक्ती मीच. ते नोटरीसमोर सही करून, जोडीला अमेरिकन पासपोर्टची प्रत.

हे सगळे भारतात मान्य व्हावे म्हणून अपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही खरी असल्याचे दुसऱ्या देशात चालणारे सरकारी प्रमाणपत्र. अमेरिका आणि भारत दोघेही हेग अपोस्टिल करारात आहेत, अमेरिका १९८१ पासून, भारत २००५ पासून. त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्याची गरज राहत नाही. कॅलिफोर्नियात ते सेक्रेटरी ऑफ स्टेटचे कार्यालय लावते, टपालाने सॅक्रामेंटोला पाठवावे, किंवा तिथे वा लॉस एंजेलिसला स्वतः जावे. दर कागदाला २० डॉलर, समोरासमोर थोडे जास्त. ते कार्यालय तपासते ती सही: काउंटीच्या अधिकाऱ्याची किंवा नोटरीची सही त्यांच्या दप्तरी आहे का, एवढेच. झेरॉक्सवर लागत नाही, म्हणून सर्टिफाइड कॉपी मूळच हवी, आणि ताजी असलेली बरी. दाजींनी काउंटीतून तीन कॉप्या घेतल्या होत्या त्याचा उपयोग इथे झाला: एक भावाकडे, एक घरी, एक प्रवासात हरवली तर.

गावात अपोस्टिलचा कागद पाहून तलाठ्याने विचारले, हा कुठल्या वकिलाचा शिक्का. त्याचा दोष नाही, त्याच्या टेबलावर असा कागद कधी आलाच नसेल. भावाने दाखल्याचे मराठी भाषांतर करून घेतले होते, त्यात आईवडिलांच्या नावांचा रकाना ठळक केला होता, आणि पासपोर्टच्या शेवटच्या पानाची प्रत मागे जोडली होती. कागदांचा क्रम लावून दिला की तलाठी वाचतो. ढीग दिला तर नाही. सर्कलनी, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांनी, एकदा ताईंशी व्हिडिओ कॉल करून आईला शेजारी बसवून खात्री केली. तशी कुठल्या नियमात सोय आहे असे नाही, पण त्यांना ते पुरेसे वाटले.

महसूल संहितेप्रमाणे फेरफाराची नोंद झाली, नोटीस निघाली, हरकतीसाठीचे १५ दिवस गेले, कुणी हरकत घेतली नाही, नोंद मंजूर झाली.

नावापाशी शेवटची घासाघीस झाली. तलाठी सवयीने ताईंचे नाव, दाजींचे नाव, सासरचे आडनाव असे लिहायला निघाला होता. ते त्या रद्द पासपोर्टवरचे नाव. उद्या ताई जमीन विकायला, हक्कसोड लिहून द्यायला किंवा वाटणीला उभ्या राहतील तेव्हा हातात अमेरिकन पासपोर्ट आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असेल, आणि त्यावर मधे काही नाही. दुय्यम निबंधकाने तोच प्रश्न पुन्हा विचारला असता. म्हणून भावाने आग्रह धरला की आजच्या पासपोर्टवरचे नाव आधी आणि माहेरचे नाव पुढे ऊर्फ म्हणून. तलाठी म्हणाला, बाईच्या नावापुढे नवरा नसला तर लोक काय म्हणतील. आईनेच त्याला उत्तर दिले, "लोकांना जमीन द्यायची नाही, भाऊसाहेब. लेकीचं नाव कागदावर आहे तसं लिहा."

तसे लिहिले गेले. हक्कसोडीची गोष्ट भावाने काढलेली नाही आणि ताईंनीही नाही. नातेवाइकांपैकी दोघांनी काढली, त्यांना दोघांनीही चहा पाजून परत पाठवले.